चिनाराची ढलपीही कुणाला नाही

मी, ओनोरिन काझालबू, वय वर्षे एक्क्याऐंशी, दक्षिण फ्रान्समधल्या सेंत-अलारी गावी कालव्याकाठी राहणारी, एमिलची विधवा, नोटरीसाहेबांना हे सांगून लिहवून घेते. माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघ्यांची हमी देत नाही. माझ्यावर कुणाचे दडपण नाही. ते आणू शकेल असा गावात एकच, फिर्मीन, आणि तो समोर बसून माझी बिस्किटे संपवतो आहे.

घर आणि बँकेतली शिल्लक भाची मिरेयला. एमिलची छाटणीची करवतही तिलाच. पण स्पिरिटने पुसल्याशिवाय करवत एका झाडावरून दुसऱ्यावर जाऊ नये. शेजाऱ्यांना उसनी देऊ नये, ते तोंड फुगवोत.

दारचा चिनार मात्र कुणालाही नाही. त्याला बुरशी लागली आहे. करवतीने किंवा होडीच्या दोराने साल सोलली की ती आत शिरते, मग पाण्यातून, एकमेकांत गुंतलेल्या मुळांतून शेजारच्या झाडात जाते. कालव्यावर पुढे अख्खी रांग अजून हिरवी आहे, आणि माझा जीव तिच्यात अडकला आहे. तोडणारे हिवाळ्यात येतील. तेव्हा मी नसले तरी झाड जागच्या जागी जाळावे. ढलपीसुद्धा गावात फिरू नये.

हे बजावते, कारण प्रत्येकाला आठवण हवी आहे. बेकरीवाल्या सोलांजला भट्टीसाठी ओंडके हवेत. फिर्मीन म्हणतो, "एवढासा सालीचा तुकडा दे गं. आपली नावं आहेत त्यावर. उशाशी ठेवीन."

एमिल गेल्यानंतर काही वर्षांनी, चांगला साठीचा असताना, फिर्मीनने ती नावे चाकूने कोरली. मी खूप रागावले होते, आणि खूशही झाले होते. बुरशी तिथून शिरली की दोरामुळे, ते मी त्याला कधी विचारणार नाही.

दोघेही ऐकणारे नव्हेत, म्हणून दोघांनाही साक्षीदार केले आहे. आमच्या कायद्याने साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही.

"फसवलंस की गं! बिस्किटं खायला ये म्हणालीस!" असे फिर्मीन आत्ता ओरडला. साहेब, हेही लिहा.

त्याने मला तीनदा लग्नाचे विचारले. तिन्ही वेळा मी चिनाराखालून उठून घरात गेले. मेल्यावर त्याला काही देता येणार नाही, तेव्हा जिवंतपणीच देते: हो.

आता सही कर, फिर्मीन. कागद भिजवू नकोस.

सेंत-अलारी, १४ ऑक्टोबर २०१९
ओनोरिन काझालबू

साक्षीदार:
सोलांज तेसेर
फिर्मीन एस्कॉफिए (शाई पसरली आहे, पण सही त्यांचीच. — नोटरी)