एकाच मुलीचा वर्ग

सोमवार, ४ ऑगस्ट

बीए द्वितीय वर्ष, राज्यशास्त्र. पटावर सव्वीस नावं. वर्गात एक.

दैवशाला. जाड चष्मा, पहिला बाक. तिच्यासाठी पूर्ण तास घेतला. घ्यावाच लागतो. मी तासिका तत्त्वावर आहे — तास झाला तर मानधन, नाही झाला तर नाही. बाकीच्यांचं काय? मुलं पोलीस भरतीच्या ॲकॅडमीत पळतात. मुली कुठे असतात ते विचारायला मुलीच दिसत नाहीत. गाईड आणायचं, परीक्षेआधी पंधरा दिवस वाचायचं, पास. आणि होतातही, हेच दुखणं.

मग ही एकटी का येते?

गुरुवार, ७ ऑगस्ट

आज म्हणाली, “मॅडम, फॅन बंद करू का?”

एवढ्या उकाड्यात? वर “मॅडम, जरा मोठ्यानं बोला ना.” पहिल्या बाकावर बसून. माझ्यापासून चार हात. कान तपासून घे म्हणणार होते, नाही म्हणाले. घाम पुसत ग्रामपंचायतीची रचना शिकवली.

सोमवार, ११ ऑगस्ट

फोन. बाकावर पालथा ठेवते. मी हजेरीपत्रक उघडलं की एकदा हात लावते, ‘चला, उद्या’ म्हटलं की पुन्हा. मध्ये चुकूनही नाही. आजकालच्या पोरी तासभर फोनकडे बघत नाहीत, हेच पटत नाही.

बुधवार, १३ ऑगस्ट

तास संपताना तिनं वहीतून एक चिठ्ठी काढली आणि प्रश्न वाचून दाखवले. ओळीनं पाच. ‘कोरम नाही म्हणून ग्रामसभा तहकूब झाली तर पुढच्या सभेला कोरम लागतो का?’ ‘सरपंच बाई असेल आणि खुर्चीवर नवरा बसत असेल तर तक्रार कोणाकडं करायची?’ गाईडमधले नाहीत हे. तिचेही नाहीत — वाचताना दोनदा अडखळली. अक्षरही तिचं नव्हतं, मी बघितलं.

विचारलं, “कुणी दिले लिहून?”

“असेच, मॅडम.”

म्हणजे कुणीतरी मला तपासून राहिलंय. पुढच्या सत्राच्या मुलाखती जवळ आल्या. समितीत विभागप्रमुख राधेश्याम सर. त्यांच्या जवळची कुणी उमेदवार आहे असं ऐकून आहे.

उत्तरं दिली सगळी. तहकूब सभेला कोरम लागत नाही, हेसुद्धा. पण डोकं फिरलं होतं, आणि तोंडातून गेलंच — “या कॉलेजात पक्क्या नोकरीवाल्यांनी स्टाफरूममध्ये बसायचं आणि तासावरच्यांनी भिंतींना शिकवायचं.”

ती हसली नाही. फोनकडे बघितलं तिनं.

सोमवार, १८ ऑगस्ट

स्टाफरूम. राधेश्याम सर चहा ओतून घेत होते. बावीस वर्षं झाली त्यांना इथं, घाईत कधी बघितलं नाही. माझ्याकडे न बघता म्हणाले, “काय मॅडम, भिंती काय म्हणतात? पास होतील का औंदा?”

दोघं-तिघं हसले. 

मंगळवार, १९ ऑगस्ट

वर्गात मी होते आणि ती होती. तिसरं कुणी नव्हतं.

गुरुवार, २१ ऑगस्ट

आज धरलं तिला. तासाच्या मध्येच थांबले आणि हात पुढे केला. “फोन दे.”

दिला. रेकॉर्डिंग चालू होतं, चौतीस मिनिटांचं. मागे गेले तर जुलैपासूनचे तास, तारीखवार, एकही चुकलेला नाही. या दीड महिन्यात मी काय काय बोलले असेन, कुणाकुणाबद्दल!

“कोणी सांगितलं तुला हे?”

“सांगता येत न्हाई, मॅडम.”

“राधेश्याम सरांनी?”

“न्हाई हो, मॅडम.”

“मग?”

“शपथ घातलीय. सांगता येत न्हाई.” चष्म्याच्या आत डोळे भरले होते. मला ते नाटक वाटलं. खरं लिहिते, नाटकच वाटलं.

म्हणाले, “उद्यापासून फोन घरी ठेवून यायचं. जमत नसेल तर येऊ नकोस.”

सोमवार, २५ ऑगस्ट

ती आली नाही. फोनाशिवाय तिला माझ्या तासाचा उपयोग नाही, असं ना? झालं तर मग सिद्ध.

बुधवार, ३ सप्टेंबर

गणपती, महालक्ष्म्यांच्या सुट्ट्या संपल्या. वर्गात कुणी नाही. पंचेचाळीस मिनिटं खुर्चीवर बसून राहिले. फॅन जोरात चालू होता. निघताना सही केली — तास झाला म्हणून. आयुष्यात पहिल्यांदा खोटी सही.

सोमवार, ८ सप्टेंबर

राधेश्याम सरांनी बोलावून घेतलं. अगदी गोड आवाज. “मॅडम, शून्य विद्यार्थ्यांवर तास धरता येत न्हाई. प्राचार्य विचारून राह्यले. एखादा तरी पोरगा बसवा ना.”

यांच्या स्वतःच्या वर्गात तरी कोण बसतं? पण त्यांना कोण विचारणार.

आणि शून्य झालं कसं, हे यांना इतक्या जल्दी कळतं कसं?

मंगळवार, ९ सप्टेंबर

ठरवलं. उद्या तिच्या गावी जायचं. ते सगळं रेकॉर्डिंग समोर बसून पुसायला लावायचं. कुणाला पाठवलं ते नावानिशी विचारायचं. आणि परत वर्गात ये म्हणायचं — हेही आहेच. मला तिची गरज आहे. लाज वाटते, पण आहे.

बुधवार, १० सप्टेंबर

आजचं सगळं लिहून ठेवते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

सकाळी जाफराबादहून जीपने निघाले, टेंभुर्णीच्या अलीकडे फाट्यावर उतरले. घर विचारत गेले. दैवशालेची आई, सोनूबाई, ओट्यावर मूग निवडत होत्या. कॉलेजातून आले म्हटल्यावर सूप बाजूला ठेवून उठल्या. पोरीनं काय केलं, हा पहिला प्रश्न. मी म्हटलं, काही नाही, भेटायचंय. मग म्हणाल्या, “पिलाटावर हाय. पर पिलाटाच्या मालकाला नका सांगू, तुम्ही कॉलेजच्या म्हणून.”

का नको सांगू? इथंही काहीतरी लपवलं जातंय, असंच वाटलं मला.

प्लॉट म्हणजे टेकडीच्या पायथ्याला हिरव्या जाळीचं शेडनेट. बियाण्याच्या कंपनीसाठी मिरचीचं बी तयार करतात. पडदा सारणार तेवढ्यात आतून बाईचा आवाज आला — “ग्रामसभा ही फक्त सही करण्याची जागा नाही.” ठणठणीत आवाज. कोण बोलतंय ते कळायला मला थोडा वेळ लागला.

मीच होते.

बांबूला फोन लटकवलेला. खाली ओळीनं मुली वाकलेल्या. चिमट्यानं कळी उघडायची, आतले नर म्हणजे पुंकेसर काढून टाकायचे, दुसऱ्या झाडाच्या परागांची भुकटी लावायची, लाल दोरा बांधायचा, पुढची कळी. हात चालू, कान माझ्याकडे. मी पडद्यातच उभी राहिले. ऑगस्टमधला तास होता. तेव्हा समोर भिंतच आहे असं धरून बोलले होते.

दैवशालेनं बघितलं आणि फोन बंद केला. सगळ्या उभ्या राहिल्या. मी एकेकीला नाव विचारलं. बेबीनंदा. शालू. आणखी सहा जणी. सगळी नावं माझ्या पटावरची, जुलैपासून माझ्याच हातानं गैरहजर मांडलेली. चेहरे आज पहिल्यांदा बघितले.

बेबीनंदा धीट आहे. तीच बोलली. “मॅडम, हंगाम दोन-अडीच महिन्यांचा. ह्याच्यावरच वर्षाची फी निघती. दैवशालेला कळी दिसत न्हाई बराबर, चष्म्यातून बी. मंग म्हणलं तू कॉलेजला जा, आमचं बी ऐकून ये. रिचार्ज आम्ही मारतो.”

“मग सांगायचं ना मला!”

“सांगितलं असतं तं नाव कमी केलं असतं तुम्ही. पंचाहत्तर टक्क्याचा नियम हाय म्हणतेत.”

केलंही असतं मी.

प्रश्नांच्या चिठ्ठ्या शालूच्या. बारीक, सावळी, बोलताना दोऱ्याकडे बघते. म्हणाली, “आमच्या गावात ग्रामसभा कधी भरतच न्हाई, मॅडम. कोरम न्हाई म्हणून उठतेत. तुम्ही सांगितल्यावर पंधरा ऑगस्टला मी उभी राहून विचारलं, दुसरी सभा कधी? तं सगळे गप.” माझ्या सहा वर्षांच्या नोकरीत कुणी शिकवलेलं असं बाहेर नेलेलं मला माहीत नाही.

भिंतींना शिकवण्याचं ते वाक्य सरांपर्यंत कसं गेलं, विचारलं. बेबीनंदानं जीभ चावली. “ते लई आवडलं व्हतं. मावसभावाला पाठवलं मी. त्यो राधेश्याम सरांच्या वर्गात हाय.” एवढंच होतं ते. एक पोरगी हसली आणि तिनं पुढं पाठवलं.

दैवशालेला म्हटलं, “उद्यापासून ये. फोन घेऊन ये.”

मला मोह झाला, मुलींचा एक फोटो काढला. तेवढ्यात पडदा सरकला. प्लॉटचे मालक रखमाजी. साठीचे असतील, पांढरी टोपी. आधी माझ्या हातातल्या फोनकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“कोणत्या कंपनीच्या तुम्ही?”

“मी कॉलेजात शिकवते. या माझ्या विद्यार्थिनी आहेत.”

“कॉलेजची बाई इथं कशाला येईन?” आवाज चढवला नाही. “नराची झाडं हायेत आत, कंपनीची गुपित जात. ह्याचा फोटो दुसऱ्या कंपनीला गेला तं माझा प्लॉट गेला. फोन दाखवा.”

दाखवला. फोटो पुसला, त्यांच्या समोर. तरी बांबूवरच्या फोनकडे बघत विचारलं, “अन् ह्याच्यात काय बोलू राह्यल्या व्हत्या तुम्ही?” मी समजावलं — राज्यशास्त्र, बीए, परीक्षा. ते “बरं, बरं” म्हणत राहिले. चहा घेऊन जा म्हणाले. घेतला मी. पूर्ण वेळ माझ्या पर्सकडे बघत होते.

परत येताना जीपमध्ये हसू येत होतं. म्हाताऱ्याचा संशय तरी केवढा!

गुरुवार, ११ सप्टेंबर

दैवशाला आली. फॅन मी स्वतः बंद केला. फोन सुलटा, माझ्या टेबलावर. पंचायत समिती शिकवली, कळीला चिमटा लावणाऱ्या मुलीला कळेल अशी — हळू, नावं दोनदा. मध्ये थांबून म्हणाले, “शालू, इथं तुझा प्रश्न येईल, थांब.” दैवशाला पहिल्यांदा मोकळी हसली.

राधेश्याम सरांना सांगून टाकलं, वर्गात एक बसते आणि आठ ऐकतात. ते म्हणाले, “हजेरीत ऐकण्याचा रकाना न्हाई, मॅडम.” म्हणू देत. हंगाम संपला की सगळ्या येतीलच.

शनिवार, १३ सप्टेंबर

आजही दैवशाला. दोन चिठ्ठ्या आणल्या. एकही संशय न घेता वाचल्या.

सोमवार, १५ सप्टेंबर

वर्गात आठ मुली. दारातूनच दिसल्या — दोन बाक भरून. मला इतका आनंद झाला की हजेरीपत्रक उलटं धरलं होतं.

मग बेबीनंदानं सांगितलं. शनिवारी संध्याकाळी रखमाजींनी काढून टाकलं सगळ्यांना. ‘बाई येऊन आत बघून गेली, तुमच्या फोनात काय काय भरलंय कोण जाणे. शिकणाऱ्या पोरी नको मला.’ भोकरदनकडून दुसऱ्या बाया आणल्यात. कुणी मला बोल लावला नाही. वह्या उघडून बसल्या होत्या.

नववी कुठे, विचारलं.

शालू खाली ऑफिसात होती. वडील आले होते — फी आता कुठून भरायची म्हणून तिचा कॉलेज सोडल्याचा दाखला काढायला.