पट्टीची पोटाकडची बाजू

प्रिय बाबा,

काल आमच्या मरिंबाच्या कार्यक्रमाला आई एकटीच आली. तुझं डोकं दुखतंय, असं तिने सांगितलं, पण तिला खोटं बोलता येत नाही हे तुलाही माहीत आहे. मी चिडले होते. आता नाही. आता मला तुझ्यापुढे एक गुन्हा कबूल करायचा आहे आणि तो फोनवर जमणार नाही, कारण फोनवर मी काहीही सांगितलं तरी तू बरं बरं म्हणतोस आणि फोन आईच्या हातात देऊन मोकळा होतोस. म्हणून हा कागद.

तर पहिली गोष्ट, तुझा छोटा रंधा माझ्याकडे आहे. गेले चार महिने तू सुतारखाना उलटापालटा करून जो शोधतोयस, ज्याच्यापायी बिचाऱ्या पॉलिशवाल्यावर संशय घेतलास, तो माझ्या होस्टेलच्या ट्रंकेत जुन्या टॉवेलात गुंडाळलेला होता. घरची आठवण आली तर असावा म्हणून उचलला. इतर मुली घरून उशी आणतात, मी रंधा आणला. हसू नकोस, पुढचं सगळं रामायण त्याच्यामुळेच झालं.

मरिंबा म्हणजे काय ते आईने तुला सांगितलंच असेल, आणि चुकीचंच सांगितलं असेल. मोठ्या जेवणाच्या टेबलाएवढं वाद्य असतं. वर लाकडाच्या पट्ट्या, दोन रांगांत, दोरीवर ओवलेल्या. प्रत्येक पट्टीखाली धातूची एक नळी. लोकर गुंडाळलेल्या काठ्यांनी वाजवायचं. आमच्या विद्यापीठाकडे असे तीन मरिंबा आहेत आणि वाजवणारे आम्ही सातजण. त्यात संगीत शिकणारे फक्त दोन, बाकी कुणी गणितातलं, कुणी माझ्यासारखं झाडापानांतलं. मी त्या खोलीत पहिल्यांदा शिरले ती वाजवायला नव्हे, लाकूड कोणतं ते बघायला. आमच्या बाईंनी हातात काठ्या दिल्या आणि मी अडकले ती अडकलेच.

बाईंची शिकवायची तऱ्हा वेगळी. आपला भाग आधी तोंडाने म्हणायचा, मग तोच म्हणत पावलं टाकायची, आणि ते जमलं तरच काठ्यांना हात लावायचा. पहिला महिनाभर आम्ही सातजण लांबलचक व्हरांड्यातून डुगडुग डंग करत हिंडत होतो आणि ग्रंथालयवाले धाडधाड दारं लावून घेत होते. मोठ्या मरिंबावर खालच्या सुरांकडे मी आणि लंबू. हा भौतिकशास्त्राचा, ताडमाड उंच, माझ्या डोक्यावरून हात नेऊन आरामात वाजवतो. एका ठिकाणी आम्हाला वाजवता वाजवता जागा बदलायच्या असतात. तो मागून सरकतो आणि मी त्याच्या हाताखालून निसटते. पहिल्या दोन महिन्यांत त्याचं कोपर मी अकरा वेळा खाल्लं.

आता गुन्हा. कार्यक्रमाला बारा दिवस उरले होते आणि पट्ट्या पुसायची पाळी माझी होती. खोलीत एकटीच होते. सगळ्यात खालच्या सुराची पट्टी दोरीवरून काढली, चांगली हातभर लांब, आणि पुसायला म्हणून उलटी केली. बाबा, वरून आरसा आणि पोटाकडून नुसते पटाशीचे घाव, खळगे, कानशीचे ओरखडे. टेबलाची कुणालाही न दिसणारी बाजूसुद्धा तू मला घासून घासून गुळगुळीत करायला लावायचास. तुझ्या हाताखाली वाढलेल्या मुलीला हे बघवणार कसं? माझे हात शिवशिवले. होस्टेलवर जाऊन रंधा आणला आणि अर्ध्या तासात पट्टीचं पोट असं साफ केलं की स्वतःवरच खूश होऊन पुन्हा दोरीवर चढवली.

दुसऱ्या दिवशी लंबूने ती वाजवली आणि सगळ्यांच्या माना एकदम वळल्या. सूर उतरला होता. थोडाथोडका नव्हे, त्याच्याही खालच्या सुराशी सलगी करण्याइतका. बाईंनी पट्टी काढून उलटी केली आणि तिच्या गुळगुळीत पोटावरून बोट फिरवलं. ते घाव बनवणाऱ्याने मुद्दाम घातलेले असतात, सूर लावण्यासाठी. पोटातून जितकं लाकूड जाईल तितका सूर खाली जातो, हे मी सोडून त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं. सुताराच्या मुलीशिवाय ही चूक कुणी करूच शकलं नसतं, असं लंबू म्हणाला. मला वाटतं, तो समजूत घालत होता. नवी पट्टी यायला चार महिने लागतात. आमची शेवटची, सगळ्यात मोठी रचना त्याच सुरावर उभी. सात माणसं सहा महिने जिच्यासाठी राबली, तिची माझ्या टापटिपीने वाट लावली होती.

बाई म्हणाल्या, उपाय एकच आहे. पट्टीच्या दोन्ही टोकांकडून खालच्या बाजूने थोडं लाकूड काढलं तर सूर परत वर चढतो. पण हात जरा जास्त चालला तर पट्टी कायमची गेली. करणार कोण, असं त्यांनी विचारलं आणि मी हात वर केला. बाकीच्यांच्या चेहऱ्यांवर काय दिसलं ते सांगत नाही. बाईंनी काम कुणाकडे शिकलीस म्हणून विचारलं. मी सांगितलं. मग त्यांनी पट्टी माझ्या हातात दिली.

तीन दुपारी लागल्या. रंध्याचं पातं तू ठेवतोस तसं, जेमतेम बोटाला जाणवेल इतकंच बाहेर. एक पातळ साल काढायची, पट्टी टांगायची, वाजवायची आणि लंबूने मोबाईलवर सुराचा काटा बघायचा. पहिल्या दुपारी काटा एका जागी ठरेचना आणि मला रडू फुटलं. मग तू आठवलास. घासलेलं लाकूड गरम असतं, त्याच्यावर भरवसा ठेवायचा नाही म्हणून तू मला काम ठेवायला लावून बाहेर पिटाळायचास. मला वाटायचं, बाबाला आपली कटकट झाली. आता मीच लंबूला बाहेर पिटाळायला लागले. पट्टी सावलीत ठेवायची, तासभर पायरीवर बसून चहा प्यायचा आणि मगच वाजवायची. लाकूड निवलं की काटाही शहाण्यासारखा उभा राहायचा. तिसऱ्या दुपारी तो बरोबर मधोमध आला. लंबूने मला उचललं आणि बाईंनी ताबडतोब खाली ठेवायला लावलं, कारण माझ्या हातात रंधा होता.

आणि काल आम्ही वाजवलं. जागा बदलताना लंबूच्या हाताखालून मी कधी निसटले ते कळलंच नाही. शेवटी सगळे थांबतात आणि तो एकच खालचा सूर उरतो, मी दोन काठ्यांनी तो हळूहळू घुमवत राहते. सभागृहात कुणी खोकलंसुद्धा नाही. मी वेड्यासारखी हसत होते. आई रडली, पण ती जाहिराती बघूनही रडते. बाबा, इतका आनंद मला आजवर कशानेच झाला नव्हता.

आता हे सगळं का लिहिलं ते सांगते. तू का आला नाहीस ते मला माहीत आहे. तीस वर्षं करवतीच्या मशीनशेजारी उभं राहून तुझे कान गेले, आणि डॉक्टरांनी दिलेलं यंत्र तू कपाटात टाकून ठेवलंयस. मुलगी वाजवतेय, लोक टाळ्या वाजवताहेत आणि आपल्याला काहीच कळत नाही, हे चारचौघांत बसून तुला सोसायचं नव्हतं. आपण घरात कुणीच हे तोंडाने बोललो नाही, मीसुद्धा नाही. चुकलंच माझं. म्हणून आज सकाळी मी रिकाम्या खोलीत कानांत कापूस कोंबला, वरून लंबूचे हेडफोन चढवले, मरिंबाच्या लाकडी चौकटीवर दोन्ही तळहात टेकले आणि त्याला एकेक पट्टी वाजवायला लावली. वरच्या सुरांचं काही म्हणता काही पोचलं नाही, उगाच खोटं सांगत नाही. पण खालच्या सतरा पट्ट्या तळहातांत आल्या, आणि मी दुरुस्त केलेली पार कोपरापर्यंत आली. पुढच्या महिन्याच्या आठ तारखेला आम्ही हाच कार्यक्रम पुन्हा करतोय. बाईंना विचारून ठेवलंय, रंगमंचावर माझ्या डावीकडे, मरिंबाला लागून एक स्टूल असेल. तू ये. मोबाईल म्हणतो पट्टी जमलीय, पण त्याला लाकडातलं काय कळतं? हात ठेव आणि तू सांग.

तुझीच,
धाकटी