जंगलातल्या मुलीबद्दल माझा निःपक्षपाती अहवाल

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार (वाकताना गुडघे काय म्हणाले ते पुढे येईलच). तुझा दमा कसा आहे? भावजींनी दाढ काढली, की अजून ते तिला आणि ती त्यांना सांभाळून घेते आहे?

तू कामगिरी सोपवलीस, की भाच्यानं लग्नासाठी पसंत केलेली मुलगी राष्ट्रीय उद्यानात झाडं मोजते, तिला ओळख न देता पाहून ये. वर लिहिलंस, तुझ्या शब्दावर आमचा होकार-नकार. शब्द हा तर माझाच प्रांत! शनिवारी सकाळीच तिथे पोचलो.

ताई, ती झाडं पाहून मी गप्प झालो. (भावजी मानणार नाहीत, पण खरं आहे.) सातशे वर्षांची झाडं! शेंडा पाहायला मान मागे टाकली, तर टोपी पडली पण शेंडा दिसला नाही. आणि त्यातल्या सर्वांत थोरल्या झाडाच्या बुंध्याभोवती पाहतो तर काय, पांढरा पट्टा आणि खाली आकडा. माझं डोकं तापलं. रस्ता रुंद करताना आपल्या गल्लीतली अकरा झाडं गेली, त्यांच्यावरही आदल्या आठवड्यात असेच पट्टे ओढले होते. तू विसरली असशील, मी जन्मात विसरणार नाही.

दोरीचं कुंपण ओलांडलं, बुंध्यापाशी एक उंचवटा होता त्यावर चढलो आणि बोलू लागलो. निवृत्त शिक्षकांची सहल चालली होती, ती थांबली. विसाव्या मिनिटाला मी गरजलो, करवत आधी आपल्या अंगावरून जाईल! आणि बावीसच्या बावीस शिक्षकांनी दोरी ओलांडून, हातात हात घेऊन झाडाला वेढा घातला. (एक बाई तर रडत होत्या. त्यांना मुंग्या चावत होत्या, हे नंतर कळलं.)

तेवढ्यात खाकी कपड्यांतली, हातात मोजपट्टी घेतलेली एक मुलगी आली. हीच ती. आवाज अजिबात न चढवता म्हणाली, "काका, आधी खाली उतरा. ते मूळ आहे, व्यासपीठ नाही."

मी पट्ट्याकडे बोट दाखवलं.

"तो मीच ओढलाय. दरवर्षी त्याच जागी घेर मोजतो आम्ही. तोडायला कोण येतंय इथे? पण याची कोवळी मुळं अगदी वरच्या मातीत असतात. माती तुडवली की ती गुदमरतात. सातशे वर्षांत एवढी माणसं एकदम याच्या उरावर कुणी आणली नव्हती."

शिक्षक निमूटपणे दोरीपलीकडे गेले. जाताना एकजण म्हणाला, "पुढारी, तुम्ही थांबा, निस्तरा." मग तिनं मला गुडघ्यांखाली घ्यायला आपलं पोतं दिलं, प्यायला पाणी दिलं, आणि दुपारी चारपर्यंत माझ्याकडून तुडवलेली माती हातांनी मोकळी करवून त्यावर पालापाचोळा पसरवून घेतला. शेजारी बसून स्वतःही तेच करत होती. मी मध्ये मध्ये जंगलांच्या इतिहासाबद्दल बोलत होतो. ती "हं, पण तो कोपरा राहिला" एवढंच म्हणे.

तेव्हा माझं स्पष्ट मत असं, की मुलगी हट्टी आहे, वडीलधाऱ्यांचं वय पाहत नाही आणि वक्तृत्वाची तिला काडीची कदर नाही. नकार कळव.

तुझा आज्ञाधारक,
भाऊ

ता. क. नकार कळवायची घाई नको. चुकीचं काम इतक्या तळमळीनं करणाऱ्या माणसाला न हसता बरोबर काम शिकवणारं माणूस मी साठ वर्षांत दुसरं पाहिलेलं नाही.

आणखी एक ता. क. बसपर्यंत पोचवायला आली, तेव्हा म्हणाली, "सांभाळून जा, मामा." दिवसभर काका आणि आता मामा! भाच्यानं माझा फोटो आधीच पाठवला होता म्हणे.

शेवटचा ता. क. ताई, रागावू नकोस. बसच्या पायरीवरून मी तुला न विचारताच सांगून बसलो, की आमच्याकडून होकार आहे. तर आजच्या आज तू स्वतःच्या हातानं चार ओळी लिही. कारण ती म्हणाली, "मामा, तुमचं भाषण मी ऐकलंय. आता आईंचं पत्र येऊ दे."