दाजी, तुमच्या नावावर एक शिंगरू आहे

ती. दाजींना धाकट्या मेहुण्याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग म्हणजे खरोखरच. पहिली ओळ जमिनीवर पालथा पडून लिहिली आहे, म्हणून अक्षर वाकडं.) तुमचे गुडघे कसे आहेत? ताईचा खोकला थांबला का? तिसरा मजला झेपतो ना अजून? आणि दिवाणखान्यातला तो अवाढव्य सोफा काढून टाकणार होतात, तो काढलात का? (हे उगाच विचारत नाही.) आम्ही इकडे ठीक आहोत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो.

झालं असं, की कागदी बिलं सोडा आणि ई-इन्व्हॉइस काढा, असं सरकारने आम्हा दुकानदारांच्या मागे टुमणं लावलंय. परवा बाजाराच्या सभागृहात मेळावा झाला. कर खात्याच्या बाई कागद वाचवण्याबद्दल फार पोटतिडकीने बोलल्या, आणि तेवढ्यात त्यांच्या शिपायाने प्रत्येकाच्या मांडीवर उशीएवढं माहितीपुस्तक आदळलं. जो पहिला ई-इन्व्हॉइस काढेल त्याला बिलाचं यंत्र फुकट, म्हणाल्या. आता दाजी, फुकट हा शब्द ऐकला की माझं काय होतं, ते तुम्ही माझ्या ताईच्या लग्नापासून बघताय. भांडीवाल्याला कोपराने बाजूला सारून मी संगणकापुढे बसलो. गिऱ्हाईक म्हणून तुमचंच नाव घातलं, कारण नातीसाठी तुम्ही सांगितलेला लाकडी झुलता घोडा माझ्याकडे होत आला होता.

आणि इथेच घोडं अडलं. मालाच्या यादीत लाकडी घोडा काही केल्या सापडेना. 'घोडा, जिवंत' होता आणि 'घोडा, गोठवलेला' होता. मागून भांडीवाला "आटपा की!" म्हणून ओरडत होता. दाजी, तुम्हाला गोठवलेला घोडा विकायला माझं मन धजेना, म्हणून मी जिवंतवर बोट ठेवलं. मग संगणक खोदून खोदून विचारायला लागला. वय? मी खरं तेच लिहिलं, दोन दिवस. उंची? गुडघ्याएवढी. दात? अजून नाहीत (रंगवायचे राहिलेत). आई सोबत आहे का? हे वाचून मला जरा गहिवरून आलं, पण तरी 'नाही' लिहिलं. टाळ्या झाल्या, यंत्र मिळालं, आणि मी बाजारभर मिरवलो. चुकीचा इन्व्हॉइस एका दिवसात रद्द करता येतो म्हणे. तो अख्खा दिवस माझा मिरवण्यात गेला.

दुसऱ्या दिवशी प्राणी कल्याण खात्याचं पत्र आलं. दात न आलेलं, दोन दिवसांचं शिंगरू आईपासून तोडून तिसऱ्या मजल्यावर विकल्याबद्दल माझं दुकान का बंद करू नये, असा त्यांचा सवाल आहे. मी धावत जाऊन 'साहेब, घोडा लाकडाचा आहे' म्हणालो, तर साहेब म्हणाले, मग इन्व्हॉइस खोटा, म्हणजे दुकान दुसऱ्या कलमाखाली बंद. इकडे आड, तिकडे विहीर! सौ. दोन दिवस माझ्याशी बोलत नाहीये आणि मला रात्री झोप नाही. रंधा सोडून या हातांना दुसरं काही येत नाही हो, दाजी. दुकान गेलं तर मी काय करू?

असो. तुम्ही आजवर मला चारचौघांत गाढव म्हणत आलात, मी कधी मनाला लावून घेतलं नाही. तुमचंच खरं होतं. ताईला नमस्कार, नातीला गोड पापा.

तुमचाच,
मेहुणा

ता. क. शेवटी मी 'शिंगरू जिवंतच आहे' असं सांगून टाकलं, म्हणून साहेब गुरुवारी तुमच्या घरी तपासणीला येणार आहेत. शिंगरू आईजवळ सुखात दिसलं तर प्रकरण मिटेल, असं त्यांनी कबूल केलंय. शिंगरू पाठवतोय, रंग ओला आहे, हात लावू देऊ नका.

ता. क. २. आईची सोयही झाली आहे. बागेत मुलांना घोडीवर बसवून फोटो काढणारा माझा मित्र आहे. घोडी स्वभावाने गरीब आहे, ताईसारखी. जिना छान चढते. उतरत नाही, असं तो म्हणतो, पण ते आपण शुक्रवारी बघू.

ता. क. ३. हे पत्र त्याच्याच हाती दिलंय. तेव्हा दाराची एकच फळी उघडून वाचत उभे असाल, तर कृपा करून दुसरीही उघडा.