खोलीबाहेरची खुर्ची

कुकुम, होनिआरा
सोमवार

प्रिय सायलस,

माझं अक्षर तू ओळखशील की नाही, कोण जाणे. परदेशी, सुवात शिकत होतो तेव्हा ते बरं होतं. नंतर सगळी नोकरी वॉर्डात उभ्या-उभ्या टिपणं लिहिण्यात गेली आणि त्याची पार वाट लागली. म्हणून आधीच सांगते, मी डोरकस. आणि दुसरी गोष्ट, हे पत्र चोरून लिहीत नाहीये. न्यायाधीश निवडणाऱ्या आमच्या आयोगाचा सचिव रूबेन पाइका याला मी शुक्रवारीच सांगितलं की सायलसला लिहिणार आहे, आणि पत्राची एक प्रत त्याच्याकडे ठेवणार आहे. तो म्हणाला, “मावशी, खाजगी असेल तर प्रत कशाला?” मी म्हटलं, ज्याचा खटला आपल्यावर चालू आहे त्याला आयोगाची सदस्य लिहिते आहे, त्यात खाजगी काय राहिलं? तुला हे हास्यास्पद वाटेल. पण तीन वर्षं त्या टेबलाशी बसून मला ही सवय लागली आहे.

तुझ्या याचिकेची बातमी मी रेडिओवर ऐकली. जेवणासाठी कसावा किसत होते. ऑकीचे वरिष्ठ मॅजिस्ट्रेट सायलस रामोफिआ उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशपदासाठी निवडले गेले नाहीत, म्हणून कोर्टात गेले आहेत, असं निवेदक म्हणाला. मग तुझाच आवाज लागला. तू म्हणालास की आयोगात वकिलांचे आणि सरकारचे चार लोक आहेत आणि साध्या माणसांच्या वतीने बसणारी एकच बाई आहे. नेमक्या तुझ्या निवडीच्या दिवशी ती बाई खोलीत नव्हती. तिला कुणी बाहेर ठेवलं, याचं उत्तर तुला हवं आहे. माझा थोरला, वॉल्टर, दाराशी बूट घालत होता. तो थांबला. “आई, हा तुझ्याबद्दल बोलतोय ना? तुला कुणी बाहेर काढलं?” मी म्हटलं, कुणी नाही, मीच गेले. का, ते मात्र मी त्याला त्या दिवशी सांगितलं नाही.

आवाज ऐकून मला सुवा आठवलं. स्वातंत्र्याची ती जुलैतली रात्र आठवते? आपला देश इकडे जन्माला येत होता आणि आपण पंचवीस-तीस पोरं परक्या गावात एका वसतिगृहामागे दगड तापवून रताळी भाजत होतो. झेंडा कुणीच पाहिला नव्हता. नर्सिंगच्या आम्ही मुलींनी वर्तमानपत्रात वाचून निळ्या-हिरव्या कापडाचा एक शिवला, आणि तू म्हणालास की ताऱ्यांची जागा चुकली आहे. चुकली नव्हती, पण तू ऐकेनास. पुढची दोन वर्षं संध्याकाळी समुद्राच्या भिंतीवर बसून आपण काय काय ठरवलं, ते इथे लिहीत नाही. तुझ्या लक्षात असेल तर आहे, नसेल तर लिहून काय होणार? तू कायदा शिकायला पोर्ट मोर्सबीला गेलास तेव्हा मी तुझी वाट बघायची, हे ठरलं होतं. ते आपल्या दोघांखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं. मी इसाबेल बेटाची, तू मलाइता बेटाचा. घरी सांगायला सवड हवी होती.

मग तू परतलास आणि पॉइंट क्रूझच्या धक्क्यावर मला भेटायला आलास. तुझ्या वडिलांनी फ्रेडाच्या घरी लग्नाचं देणं म्हणून शंखांच्या माळा आधीच पोचवल्या होत्या. तू मला ते तोंडावर सांगितलंस, नजर न चुकवता, आणि मी तेव्हाही मनात म्हटलं की हा माणूस सरळ आहे. पुढे मला अँब्रोज भेटला. तो पाद्री होता, हसरा होता, आणि त्याच्याबरोबर माझं आयुष्य चांगलं गेलं. हे मी तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. चार वर्षांपूर्वी तो गेला तेव्हा तुझं आणि फ्रेडाचं पत्र आलं होतं. त्याचे आभार मानायचे राहून गेले होते, ते आता मानते.

अँब्रोज गेल्यावर आयोगाचं बोलावणं आलं. मी मेट्रन म्हणून नुकतीच निवृत्त झाले होते. मी म्हटलं, मला कायद्यातलं काय कळतं? मुख्य न्यायाधीश म्हणाले, “कायदा कळणारे आम्ही चौघं आहोतच. माणूस आजारी पडल्यावर कसा वागतो ते तुम्ही पाहिलंय. कोर्टात येणारा माणूस त्याच अवस्थेत असतो.” म्हणून गेले. अध्यक्ष म्हणून ते स्वतः, मग अॅटर्नी जनरल, लोकसेवा आयोगाचे म्हातारे अध्यक्ष, वकिलांच्या वतीने एक जण, आणि मी. अर्ज येतात, आम्ही ते घरी वाचतो, उमेदवाराशी बोलतो, एकेकाने आपलं मत कारणासकट सांगायचं, आणि मग नाव गव्हर्नर जनरलकडे जातं. बाहेरून लोकांना वाटतं की आत मोठं कारस्थान शिजतं. आत बहुतेक वेळ कागद वाचणं आणि चहा थंड होणं एवढंच चालतं.

माझ्या घरी मात्र वर्दळ वाढली. आपल्याकडे वांटोक म्हटलं की एका बोलीची सगळी माणसं आली, आणि वांटोकला नाही म्हणणं म्हणजे आईला नाही म्हणणं. इसाबेलच्या बायका मासे घेऊन यायच्या, सुपारी-चुना पुढे करायच्या, आणि निघताना सहज म्हणायच्या, “आपल्या पोराचं बघा हं.” मी मासे परत करायचे. एकीने तर गावभर केलं, “डोरकसला आता आमचा बोनितो पचत नाही, तिला कोर्टाचा बिस्कुटपुडा लागतो.” पहिल्याच वर्षी असं झालं की एका उमेदवाराची बायको अॅटर्नी जनरलची चुलत बहीण निघाली. तो उठून बाहेर जायला लागला तेव्हा लोकसेवावाले म्हातारे कुरकुरले, “या देशात ज्याचं त्याचं नातं काढून बाहेर जायला लागलो तर खोलीत फक्त पंखा उरेल.” मुख्य न्यायाधीश म्हणाले, “मग पंख्याला विचारू,” आणि अॅटर्नी जनरलला म्हणाले, “तुम्ही जा.” आम्ही सगळे हसलो. मीही हसले. माझ्यावर ही वेळ येईल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

तुझा अर्ज आला तो कागदांच्या गठ्ठ्यात इतरांसारखाच आला. नाव वाचलं आणि आधी आनंदच झाला, खरं सांगते. कारण तुला मी न्यायाधीश म्हणून एकदा पाहिलं होतं. बेटाबेटांतल्या दंगलीच्या काळात तू आमच्या वॉर्डात एका बाईचा जबाब घ्यायला आला होतास. खाट नव्हती, ती जमिनीवर चटईवर पडली होती. शिपायाने तुला खुर्ची आणून दिली, तू ती बाजूला केलीस आणि जमिनीवर बसलास. दुपारभर बसलास. ती मध्ये झोपायची, तू थांबायचास. तिची बोली तुझ्या माणसांच्या वैऱ्यांची होती, आणि तू एक शब्द तिच्यावर लादला नाहीस. मी औषधांचा ट्रे घेऊन तुझ्याजवळून चार वेळा गेले आणि तुला कळलंही नाही. मी ठरवलं, याच माणसाला मत द्यायचं.

आणि मग, अर्ज पुन्हा वाचताना, तुझी एक चूक सापडली. अगदी क्षुल्लक, एका निकालात तू वकिलावर उगाच चिडला होतास. ती वाचून मला बरं वाटलं, सायलस. आत खोल कुठेतरी गार वाटलं. म्हणजे धक्क्यावर उभी असलेली ती पोरगी अजून होती, आणि तिला तू हरायला हवा होतास. मी कागद मिटला आणि अंगणात जाऊन बसले. तुझ्या बाजूने हात वर केला असता तर तो कुणाचा, आणि विरुद्ध केला असता तर तो कुणाचा, हे मला ठरवता येईना. वॉर्डात आमचा नियम होता, आपल्या माणसावर आपण सुई चालवायची नाही, हात कितीही स्थिर असला तरी. नातं नव्हतं, वांटोक नव्हता, कुणाला माहीत नव्हतं. मी गप्प बसले असते तर जगात कुणी मला जाब विचारला नसता. तेवढ्यासाठीच गप्प बसवेना.

बैठक सुरू झाल्याबरोबर मी म्हटलं, रामोफिआंच्या वेळी मी बाहेर जाईन. मुख्य न्यायाधीशांनी विचारलं, “नातं आहे?” नाही. “वांटोक?” नाही, ते मलाइताचे. ते हलक्या आवाजात म्हणाले, “ताई, कारण नोंदवावं लागतं. नाहीतर उद्या जड निर्णय आला की जो तो उठून जाईल.” मग मी सांगितलं. एकाच वाक्यात सांगितलं की तरुणपणी आमचं लग्न करायचं ठरलं होतं, ते झालं नाही, आणि मी त्यांच्याकडे परकी म्हणून बघू शकत नाही. अॅटर्नी जनरल, माझ्या धाकट्याच्या वयाचा पोरगा, खिडकीबाहेर बघायला लागला. लोकसेवावाल्या म्हाताऱ्यांना प्रत्येक गोष्टीवर बोलायचं असतं. त्या वेळी मात्र त्यांनी उठून माझ्यासाठी दार उघडलं.

बाहेर व्हरांड्यात एक खुर्ची असते. तिथे बसले. समोर समुद्र, पलीकडे सावो बेट. थोड्या वेळाने तू आलास, टाय घातलेला, केस पिकलेले, आणि मला बघून दचकलास. आठवतं? “डोरकस, तू आत नाहीस?” असं तू विचारलंस. मी म्हटलं, “तू जा. सरळ उत्तरं दे, वाद घालू नकोस.” तुला वाटलं असेल माझी तब्येत बरी नाही. आत काय झालं ते मला माहीत नाही. कुणी कुणाला मत दिलं हे मी विचारलं नाही, विचारणारही नाही. त्या जागी मी असते तर निकाल बदलला असता का, हेही मला माहीत नाही, आणि माझा हात कुठे गेला असता हे तर आजही माहीत नाही.

तुझ्यावर माझा राग नाही, पण एक गोष्ट लागली, ती लिहून टाकते. मी बाहेर का होते, याची तू इतकी कारणं काढलीस, सरकार, वकील, दुसऱ्या बेटाची माणसं. ते एक कारण तुझ्या मनात आलंच नाही. की आलं, आणि इतक्या वर्षांनी त्याचं वजन काहीच नसणार असं तुला वाटलं? याचं उत्तर मला नको.

शनिवारी मी दोन्ही मुलांना बसवून सगळं सांगितलं. धाकटा म्हणाला, “मग बाबांचं नशीबच म्हणायचं.” वॉल्टर तापला. मामांना घेऊन मलाइताला जातो, म्हणाला, त्या माणसाने आपल्या घराला भरपाई दिली पाहिजे, माळा दिल्या पाहिजेत. मी त्याला सांगितलं, माझ्याकडून कुणी काही हिरावून नेलं नाही, मी दिलं होतं ते माझ्या मनाने दिलं होतं, आणि या गोष्टीसाठी माझ्या घरातलं कुणीही बोटीत पाय ठेवणार नाही. तो अजून घुश्शात आहे, पण जाणार नाही. माझ्या भावांनाही मीच सांगितलंय. तुझ्या दाराशी कुणी येणार नाही, त्याची काळजी करू नकोस.

आता हे का लिहिलं ते. तुझ्या याचिकेला आयोगाला उत्तर द्यावं लागेल, आणि उत्तर एकच आहे. पुढच्या आठवड्यात गुरुवारी रूबेन त्या बैठकीचं इतिवृत्त प्रतिज्ञापत्राला जोडून कोर्टात देईल आणि माझं ते वाक्य भर कोर्टात वाचलं जाईल. दुपारपर्यंत रेडिओवर येईल. माझं नाव वगळावं का, असं त्याने मला विचारलं. मी नको म्हटलं. तूच विचारलं आहेस की बाई बाहेर का होती, तर उत्तर पुरं मिळायला हवं. याचिका मागे घे असं मी म्हणत नाही. चौघांनी निर्णय घेणं नियमात बसतं की नाही, हा प्रश्न खरा आहे आणि तो कोर्टाने सोडवावा. पण फ्रेडा तुझ्या प्रत्येक सुनावणीला येते, हे मला ठाऊक आहे. पस्तीस वर्षं तिने तुझं घर चालवलं, आणि हे तिला कारकुनाच्या तोंडून ऐकायला लागू नये. रविवारी चर्चहून परतताना सांग, घरात मुलांसमोर नको. सांग की तिच्यापासून लपवण्यासारखं नंतर काहीही घडलं नाही. गुरुवारी मी येणार आहे, मागच्या बाकावर बसेन. तू वळून बघू नकोस. तिने बघितलं तर मी उठून तिच्याकडे जाईन, आणि ती सरकली तर तिच्या शेजारी बसेन.

एके काळची तुझीच,
डोरकस