जिभेला चिकटलेल्या दगडाची हकिगत

तीर्थस्वरूप अक्का,

तुमच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा वाकता आलं तेवढाच गोड मानून घ्यावा). तुमची तब्येत कशी आहे? साडूभाऊंचा गुडघा काय म्हणतो? इकडे सगळं ठीक आहे. ठीक म्हणजे नळाला पाणी येतं आणि मी जिवंत आहे. आमची ही काही महिन्यांसाठी म्हणून तिकडच्या प्रयोगशाळेत आली, तुमच्याकडे राहिली, आणि आता तिथे तिला कायमची जागा देतायत, हे तुम्हाला माझ्याआधी कळलं असेलच. मला तिने फोनवर सांगितलं. मी म्हटलं, तुझी मर्जी. ती म्हणाली, बरं. तेव्हापासून आम्ही फोनवर फक्त दगडांविषयी बोलतो.

आता दगडांचंही जरा ऐका (साडूभाऊ जांभया देतील, देऊ देत). आम्ही दोघं काम करतो त्या इकडच्या प्रयोगशाळेत जमिनीच्या पोटातून काढलेल्या दगडांचे गोल तुकडे येतात. ते मिठाच्या पाण्यात भिजवायचे, दोन पत्र्यांमध्ये धरायचे आणि आरपार वीज किती जाते ते मोजायचं. कोरड्या दगडातून वीज जवळजवळ जातच नाही, जाते ती त्याच्या भोकांतल्या खाऱ्या पाण्यातून. माझं म्हणणं, सगळा खेळ रचनेचा. भोकं एकमेकांना जोडलेली हवीत. घराला खोल्या ढीगभर आणि दार एकीलाही नाही, तर माणूस जाणार कुठून? हिचं म्हणणं, रचना घाल चुलीत, दगड कशाचा आहे ते आधी बघ. चिकणमाती असली तर भोकांतलं पाणी गोडं असलं तरी ती वीज पुढे सरकवते. या एका वादावर आमचा संसार सुखाने चालला. चहा गार व्हायचा, वाद कधी नाही.

ही गेल्यावर दोन्ही बाजू माझ्याच गळ्यात पडल्या. परवा एक दगड आला, नुसता भोकांनी पोखरलेला. भिजवला, पत्र्यांमध्ये ठेवला आणि मीटरचा काटा असा उसळला की मी खुर्चीवरून उठलोच. एवढी वीज! म्हटलं, घ्या, रचनेचा विजय! धावत जाऊन मोठ्या साहेबांना सांगितलं, साहेबांनी त्यांच्या साहेबांना सांगितलं, आणि लगेच दुसऱ्या दिवशी पाहुणे बघायला येणार असं ठरलं. मग माझ्या लक्षात आलं की भिजवलेला दगड मोजण्याआधी बाहेरून पुसावा लागतो, नाहीतर वीज आत शिरतच नाही, ओल्या अंगावरूनच पलीकडे पळते. पुसायचं काम कायम हिचं. मी नुसता हात पुढे करायचो आणि पुसलेला दगड हातात यायचा (हे असं चालतं हे मला इतकी वर्षं ठाऊकच नव्हतं, म्हणजे बघा). पुसून मोजलं तर काटा जागचा हलेना. भोकं ढीगभर, पण एकही दुसऱ्याला जोडलेलं नाही, आत पाणीच शिरलं नव्हतं.

पाहुणे तर येणार. त्यांना दाखवायला काहीतरी हवं म्हणून दुसरा दगड काढला, भोकं जेमतेम, पण भिजवल्यावर वीज मात्र भरपूर (या खेपेला पुसला होता, शपथ). म्हणजे आत चिकणमाती असणार. आता ही अशा वेळी काय करते ते तुम्हाला माहीत आहे? कोरडा तुकडा घेऊन सरळ जीभ लावते. चिकणमाती असली तर दगड जिभेला धरून बसतो. मी या प्रकाराला आजवर हसत आलो. पण अडला हरी झालो होतो, आजूबाजूला कोणी नव्हतं, लावली जीभ. दगड चिकटला. नेमकं दार उघडलं आणि साहेब पाहुण्यांना घेऊन आत आले. साहेबांनी विचारलं, हे काय? मी म्हटलं, "ऑ आऑआ." पाहुण्यांतल्या एक बाई हळूच म्हणाल्या, "यांना जेवायला सुट्टी देत नाही का हो?"

दगड निघाला, जिभेचं थोडं साल घेऊन. पाहुणे गेले, साहेब बोलायचं ते बोलले. मी तुकडा टेबलावर ठेवला आणि सवयीने मोठ्याने म्हणालो, "बरं बाई, जिंकलीस, मातीच आहे." समोर हिची रिकामी खुर्ची. अक्का, खरं सांगतो, त्या वेळी जे वाटलं ते साहेबांच्या बोलण्याने वाटलं नव्हतं. ती खुर्ची कोणी उचलून नेऊ नये म्हणून मी तिच्यावर फायली रचून ठेवल्या आहेत. घरी दोन कप चहा करतो आणि एक ओतून देतो. भांडायला माणूस नाही, तर घर खायला उठतं.

तेव्हा तुम्ही मोठ्या आहात, तिला चार शब्द सांगा. इकडची कामं अडली आहेत, दगडांचा ढीग साचला आहे, साहेबही विचारतात (एकदा विचारलं). तुमचं ती ऐकते, माझं ऐकायला मी काही बोलतच नाही. साडूभाऊंना नमस्कार, आणि तुम्हीही प्रकृतीला जपा.

तुमचा,
तोंड आलेला मेव्हणा

ता. क. हे पत्र तिला दाखवू नका.

ता. क. दाखवलंतच, तर जिभेचं दाखवू नका. आयुष्यभर ऐकवील.

ता. क. वर तिला चार शब्द सांगा म्हटलं, ते सांगू नका. ती जागा तिने घ्यावी. इकडे तिला कोणी विचारलं नाही, तिकडे बोलावून देतायत, हे कोणी सोडतं का? हे पत्र टाकायचं चार दिवस राहून गेलं, आणि काल मी इकडच्या नोकरीचा राजीनामा दिला. साहेबांनी थांबवलं नाही, ते एक बरं झालं. तुमच्या बाजूला भाड्याने एखादं घर बघून ठेवाल का? कसं हवं ते तिलाच विचारा. आणि ती "हो" म्हणाली की मला लगेच कळवा, सामान बांधूनच बसलोय. "नको" म्हणाली, तर जरा हळूहळू कळवा.