भोक पाडलेला फ्रँक

१ फेब्रुवारी १९७९, डिचोली
नवी नोकरी, म्हणून नवी वही. सावंतवाडीच्या एस.टी.तून उतरलो तेव्हा खाणीची लाल धूळ बुटांवर होती, दुपारपर्यंत कॉलरवर चढली. इस्पितळ लहान, पण एक्स-रे यंत्र कोरं आणि डार्करूम माझी एकट्याची. खोकणारे खाणकामगार आणि ट्रकवाले, त्यांच्या छातीचे फोटो काढणं हेच मुख्य काम. बायकोला, विनोदिनीला, घर आवडलं. सकाळी पोदेर सायकलवरून गरम उंडे, म्हणजे इथले गोल पाव, आणून देतो. तिला सहावा महिना. तिन्ही उंडे तिनेच संपवले आणि मला एकही उरला नाही म्हणून हसत बसली.

७ फेब्रुवारी, बुधवार
बाजारात गोकुळदास शेट सोनारांची ओळख झाली. मी शाळेपासून जुनी नाणी जमवतो हे कळताच त्यांनी डबीतली नऊ नाणी पेढीवर ओतली. बोटीवर नोकरी केलेल्या कुणाच्या तरी घरून मोडीत आलेली, ब्रिटिश आणि स्विस. चांदी कमी, दोन तर नुसत्या काशाची. "वितळून कांय मेळचें ना, तुम्हीच न्या," म्हणाले. पैसे घेईनात.
संध्याकाळभर नाणी ओळखत बसलो. ब्रिटिश नाण्यावरचा राजा कुठे बघतो ते पाहायचं. सातवा एडवर्ड उजवीकडे, पाचवा जॉर्ज डावीकडे. चेहरा झिजला असेल तर व्यास मोजायचा. स्विस नाण्यावर राजा नाहीच, ढाल आणि भाला घेतलेली हेल्वेशिया उभी, भोवती तारे. एका फ्रँकला कुणीतरी गळ्यात घालायला काठाजवळ भोक पाडलंय. जाणकार असल्या नाण्याला हात लावत नाहीत. मला तेच आवडलं. विनूने एकेक नाणं कागदी पाकिटात घालून वहीत चिकटवलं, खाली नाव आणि माप लिहिलं.

१२ फेब्रुवारी
शांताराम नावाचा ट्रक ड्रायव्हर आला, आमच्याच सावंतवाडीकडचा. त्याच्या फिल्मवर हृदयाच्या बाजूला पांढरी गोल चकती. खिशात पैसे राहिले असतील म्हणून बनियनही काढायला लावलं आणि पुन्हा फोटो घेतला. चकती तिथेच. डॉक्टर म्हणाले, फिल्मच्या कॅसेटमध्ये काहीतरी पडलंय, साफ करून घ्या. साफ केली. आत काही नव्हतं.
चकतीच्या काठाजवळ एक बारीक काळा ठिपका आहे. भोकासारखा. सवयीने मोजपट्टी लावली. तेवीस मिलिमीटर.

१३ फेब्रुवारी
वहीतलं फ्रँकचं पाकीट रिकामं. चिकटवलेलं तसंच, फाटलेलं नाही. विनू म्हणते तिने हात लावला नाही.

२१ फेब्रुवारी
शांताराम गेला. खनिज भरलेला ट्रक रस्त्याच्या कडेला नीट उभा केला आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं. डॉक्टरांनी हृदयविकार लिहिला. फोटो काढल्याला आज नववा दिवस.

२४ फेब्रुवारी
पेडण्याहून आलेली रुक्मिणीबाय, साठीची, कोरडा खोकला. फिल्मवर चकती, एकतीस मिलिमीटर. दुपारी घरी धावलो. पेनीचं पाकीट रिकामं होतं.
परत येऊन तिला विचारलं, दुखतं का. ती म्हणाली, "दुखणा नाय रे पुता. थंड लागता. छातयेर कोणी पैसो ठेवल्यासारखो."
ह्या वेळी गप्प बसलो नाही. डॉक्टरांना नाण्यांची वही दाखवली. त्यांनी माझी नाडी बघितली, झोप लागते का विचारलं. तरी माझ्या हट्टाखातर म्हातारीला पणजीला पाठवलं.

२७ फेब्रुवारी
पणजीची फिल्म स्वच्छ. डॉक्टर हसले. म्हातारीही आनंदाने घरी गेली. मला हसता येईना.

५ मार्च
नववा दिवस. दुपारी तिचा मुलगा औषधाचं उरलेलं पाकीट परत द्यायला आला. तोंडातून शब्द फुटायच्या आधीच मला कळलं.

६ मार्च
उरलेली सात नाणी वहीसकट बंद खाणीच्या खड्ड्यात फेकली. पाणी लालभडक. वही बुडाली ती बघितली. घरी येऊन विनूला सगळं सांगितलं. ती म्हणाली बरं केलंत.

७ मार्च
खाणीच्या माणसांची वार्षिक तपासणी. चाळीस फिल्म. सहांवर चकत्या.
शिलिंग. फ्लोरिन. हाफ क्राउन. सहा पेन्स. अर्धा फ्रँक. दोन फ्रँक. मापं पाठ आहेत मला.
फेकायला नको होती. एकेक जात होती, मी सगळी एकदम—

८ मार्च
डॉक्टर म्हणतात यंत्र बिघडलं, मेकॅनिक बोलावलाय. त्या सहांची नावं उतरून घेतली. एकाच्या घरापर्यंत गेलो. तो अंगणात शिगम्याच्या ढोलाला ताण देत होता. काय सांगणार होतो? चहा पिऊन परत आलो.

१० मार्च
सात फेकली होती. सहा दिसली. फार्दिंग राहिली. काशाची, छोटी, मागे पक्षी. वीस मिलिमीटर.
ह्या तीन दिवसांत आलेल्या कुणातही नाही.

११ मार्च
स्वतःचा फोटो काढला. छाती, पोट. स्वच्छ.
स्वच्छ आहे हे बघून रडू आलं. माझ्यात असती तर—

१३ मार्च
विनूने आज दोनदा शाल मागितली. इतकं उकडतंय. कुठे गार वाटतं विचारलं. तिने आधी पोटावर हात ठेवला, मग वर, मग म्हणाली कळत नाही.
पोटुशीचा एक्स-रे काढत नाहीत. हे मीच सगळ्यांना सांगतो.

१४ मार्च
विनूचा फोटो काढायला डॉक्टरांनी नकार दिला. रजा घ्या म्हणाले.
विनूला सांगितलं. ती म्हणाली, "काढा तुम्ही. माझं काय ते होवो. बाळाचं मला कळू दे."

१५ मार्च
डॉक्टर जेवायला गेलेत. मोठी फिल्म घेतली, तिला आडवं निजवलं, श्वास धरायला सांगितला. ती बाहेर बाकावर बसली आहे.
डार्करूम. लाल दिव्यात लिहितोय. फिल्म डेव्हलपरमध्ये.
उमटतंय. खालून. कमरेची हाडं. बाळाचं डोकं. मणक्याची बारीक माळ. हात. छातीशी दुमडलेले. बाळाच्या छातीत काही नाही. पोटात नाही. पुन्हा बघितलं, काही नाही, देवा, बाळ मोकळं आहे—
दारावर टकटक. विनू विचारतेय दिसलं का.
फिल्मची वरची कड अजून उमटतेय. तिच्या खालच्या बरगड्या. एक. दोन. डाव्या बाजूला, बरगडीच्या आड, गोल—
ती पुन्हा विचारतेय. तिला काय